पाकटावरचा आळ

१

पद्मजाची सुपारी फुटली ते साल अठ्ठ्याहत्तरचं. बबनराव देवकरांची ती एकुलती एक लेक, त्यामुळं पिंपळे गुरवातल्या भावकीनं नाकं मुरडायची तेवढी मुरडून घेतली. "जमादार, समदी गावं सोडून दुष्काळी जावई धुंडला व्हय?" असं कुणी पारावर टोकलं, की पोलिसातून निवृत्त झालेले बबनराव मिशीतल्या मिशीत हसत. "दुष्काळ मुलखात व्हता रं, पोराच्या काळजात न्हाई," एवढंच म्हणत.

पोरगा होता नंदकिशोर. सगळे त्याला नंदू म्हणत. त्याचा बाप मालोजी सोळंके बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून उठून चिंचवडला आला आणि कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागला. बायको आधीच गेली होती. बाप-लेक चिखलीला एका खोलीत राहत. एक जण भाकरी थापायचा, दुसरा भांडी घासायचा. पुढं नंदूही त्याच कंपनीत फिटर झाला. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर करायचं ठरलं होतं.

दसरा झाला आणि पाठोपाठ आलेल्या रविवारी दुपारी सुरेंद्र बबनरावांच्या अंगणात सायकल टाकून उभा राहिला. सुरेंद्र हा नंदूचा जिवलग. दोघं एकाच कंपनीत, एकाच पोहण्याच्या क्लबात. त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं आणि दात वाजत होते.

"आबा, मत्स्यालयात चला."

"काय झालं?"

"नंदूला पाकटानं मारलं."

बबनरावांनी डोक्याला टोपीही घातली नाही. तसेच निघाले.

मत्स्यालयाच्या मोठ्या हौदावर लाकडी फळ्यांची माची होती. तिच्यावर नंदू उताणा पडला होता. त्याचा एक पाय अजून गरम पाण्याच्या बादलीत होता आणि पाण्याला तांबूस रंग चढला होता. खाली आवारात लोक गजांनी काहीतरी बडवत होते. एवढ्या कालव्यात हौदाच्या काचेपाशी पद्मजा एकटी बसली होती. तिनं तळहात काचेला लावून ठेवला होता आणि तो ती काढत नव्हती.

२

चिंचवडला समुद्र नाही. म्हणूनच एका ट्रस्टनं तिथं समुद्र आणला होता. अलिबागेहून टँकरनं खारं पाणी यायचं. दुमजली घराएवढ्या हौदात रंगीबेरंगी मासे, दोन कासवं आणि एक पाकट होतं. पाकट म्हणजे सुपासारखा चपटा मासा. वाळूत अंग पुरून पडतो. त्याच्या चाबकासारख्या शेपटीच्या मुळाशी करवतीच्या दातांचा एक विषारी काटा असतो. लोक सगळे मासे बघून झाल्यावर पाकटासमोर येऊन थांबत.

कंपनीच्या क्लबातली पोरं दर रविवारी हौशीनं या हौदात उतरत. कुणी त्यांना त्याबद्दल काही देत नव्हतं आणि त्यांनी काही मागितलंही नव्हतं. काच आतून पुसायची, माशांना हातानं खाऊ घालायचं, बाहेरच्या लहान मुलांना हात हलवायचा. तोंडावर रबरी मुखवटा असायचा. त्याला लांब नळी जोडलेली असायची आणि नळीचं दुसरं टोक माचीवर उभ्या केलेल्या हवेच्या सिलिंडरला. सिलिंडर कंपनीतून यायचा.

या सगळ्याचे गुरू होते कंपनीतले इंजिनिअर शरच्चंद्र बर्वे. त्यांचे नियम पोरांना तोंडपाठ होते. हौदाच्या तळावर पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत न्यायचं, म्हणजे पाकटाला चाहूल लागते आणि ते आपणहून बाजूला होतं. त्याच्या मागून जायचं नाही. माचीवर कढत पाणी तयार ठेवायचं, कारण काटा लागला तर विषावर शेक हाच उतारा. आणि नखासारखा परत परत वाढणारा तो काटा वेळच्या वेळी कापून टाकायचा. हे शेवटचं काम दत्तोबाचं होतं.

दत्तोबा हर्णैचा. जन्म होडीत गेलेला. मत्स्यालयात माशांची देखभाल करायचा. फौजदारांनी त्याला त्याच संध्याकाळी चौकीत आणून बसवलं. "काटा कापायचा राहिला म्हणून पोरगा गेला," असं गाव बोलत होतं. डॉक्टरांनीही पोटरीवरची जखम बघून पाकटाचं विष असंच लिहिलं होतं.

बबनराव चौकीत गेले तेव्हा फौजदार खुर्चीवरून उठले. "जमादार, तुम्ही आता घरचे. तपास आमच्यावर सोडा."

"तपास तुमचाच हाय. मला फकस्त त्याला एक विचारायचंय."

दत्तोबा कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. लोकांनी त्याचा सदरा फाडला होता.

"काटा कापला हुता का न्हाई?"

"घट बसायच्या आदल्या दिवशी कापला. माज्या हातान."

"मग पोर मेलं कसं?"

"ता मला म्हायत नाय जमादार." दत्तोबानं मान वर केली. "पन एक सांगतो. माज्या बापाला काटा लागला होता. तीन गडी त्याला होडीत दाबून धरीत होते, नि त्याची बोंब बंदरावर ऐकायला येत होती. काटा लागलेला मानूस गप मरत नाय. नंदू ओरडला काय? हातपाय झाडलान काय? कोनाला तरी विचारा."

३

लोकांनी हौदातून ओढून बडवलेलं पाकट फौजदारांनी पुरावा म्हणून बर्फात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांनी बर्फ बाजूला सारला. गजांच्या मारानं त्याचं अंग फाटलं होतं, पण शेपूट शाबूत होती. बबनरावांनी शेपटीच्या मुळावरून अंगठा फिरवला. जिथं काटा असायला हवा तिथं बोथट खुंट होता. सरळ कापलेला. त्याखालून नवा काटा फुटत होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

मुका जीव उगाच गेला होता. आणि उद्या एक माणूसही तसाच जाणार होता.

सुरेंद्र त्यांना क्लबाच्या खोलीत सापडला. तो ओल्या नळीची वेटोळी घालत होता, सोडत होता, परत घालत होता.

"सुरेंद्र, तू नंदूला वर कसा काढला?"

"नळी धरून ओढलं. तो येईना. मग हौदातला पाला काढायची लोखंडी आकडी होती, ती टाकली."

"कुठं लागली आकडी?"

सुरेंद्रचे हात थांबले.

"सांग रं."

"पायात." त्यानं नळी खाली टाकली. "आबा, मला वाटलं पँटमध्ये अडकलीय. जड लागत होता. वर आला तर पोटरीतून रक्त. कुणीतरी ओरडलं, पाकट, पाकट! मग मलाही तेच वाटलं. साहेबांनी शिकवलंय ना, काटा लागला की पाय कढत पाण्यात. मी त्याचा पाय पाण्यात धरून बसलो, आबा. नुसता पाय धरून बसलो."

बबनराव त्याच्याजवळ खाली बसले. जखम बापड्या पाकटाची नव्हती, आकडीची होती. तोंडानं श्वास भरायचा तो वेळ पाय शेकण्यात गेला होता. पण हे पोराला आत्ता सांगून काय करायचं?

"तुझं आन् नंदूचं काही वाजलं हुतं का?"

"वाजायचं काय?" सुरेंद्र रडता रडता कसनुसा हसला. "पद्मजाताईंना आधी मीच बघितलं होतं. नंदूला म्हणालो, तुला दुष्काळाची सवय आहे, मला मिळू दे की. तर म्हणाला, रांगेत उभा रहा भावा. एवढंच वाजलं."

बबनराव चौकीत गेले. काटा कापलेला होता, जखम आकडीची होती, हे त्यांनी सांगितलं. फौजदारांनी पेन खाली ठेवलं.

"मानलं, जमादार. पण चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा. काटा नाही, विष नाही, मग मेला कशानं? दुसरं कारण आणा, मी दत्तोबाला आत्ता सोडतो. नाही आणलंत तर उद्या कोर्टात उभा करतो. बाहेर लोक बसलेत, बघा."

बाहेर खरंच लोक बसले होते. सगळ्यांच्या पुढं मालोजी, उकिडवा, डोक्याला हात लावून.

४

घरी पद्मजा माजघरात भिंतीला टेकून बसली होती. लग्नासाठी आणलेलं हिरवं कापड कुणीतरी घाईघाईनं फडताळात कोंबलं होतं आणि त्याचं टोक बाहेर राहिलं होतं. बबनरावांनी ते आत ढकललं.

"पदू, सगळ्यांना विचारत हिंडलो. तुला इचारायचं धाडसच झालं न्हाई."

"मला कुणीच विचारलं नाही, आबा," ती म्हणाली. "मी काचेसमोर होते. सगळं माझ्यासमोर झालं. आणि सगळे मला सांगतायत काय झालं ते."

"तू सांग."

"त्यानं आधी कासवाला खायला दिलं. मग माझ्यासमोर आला. काचेला हात लावला. मी बाहेरून लावला. मग बोटानं काचेवर काहीतरी काढायला लागला, आणि अर्ध्यातच हात खाली पडला. मग तो खाली बसला. कुणी देवळात टेकतं ना, तसा. मला वाटलं खेळतोय. आबा, मी हसले. मुखवट्यातून त्याचे डोळे दिसत होते, ते मिटले. तोही मला हसल्यासारखाच वाटला."

"हातपाय झाडले? छाती धरली?"

"काही नाही."

"पाकट कुठं हुतं?"

"दुसऱ्या कोपऱ्यात. वाळूत. त्याच्याजवळ गेलंच नाही ते."

"मुखवटा निघाला का? नळी तुटली का?"

"नाही. बुडबुडे येत होते. म्हणून तर मी ओरडले नाही. मला वाटलं, बुडबुडे येतायत म्हणजे श्वास चाललाय. बराच वेळ येत होते. मग एकेक झाले. मग थांबले. तेव्हा ओरडले."

बबनरावांनी तिला जवळ घेतलं. ती लहानपणी पडली की रडायची नाही, आईच्या मागं जाऊन उभी राहायची. आता आई नव्हती.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि ओट्यावर येऊन बसले. नोकरीत त्यांनी बुडालेली माणसं बाहेर काढली होती, गळफासातली खाली उतरवली होती, भाजलेली झाकली होती. श्वास कोंडला की माणूस झगडतो. शेवटपर्यंत झगडतो. हा झगडला नव्हता. नळी शाबूत होती, हवा येत होती, पोर ती घेत होतं आणि घेता घेता मेलं होतं.

मग ती हवा कसली होती?

५

शरच्चंद्र बर्वे कंपनीच्या भट्टीखात्यातच भेटले. डोळे तांबडे, दाढी वाढलेली. त्यांच्यासमोर लोखंडी ट्रेमध्ये बेअरिंगच्या रिंगा पडल्या होत्या, तव्यासारख्या काळ्याकुट्ट.

"साहेब, दोन मिनिटं."

"बसा, जमादार. माझंच चुकलं. पोरांना त्या हौदात मीच उतरवलं. सगळं पाकट डोक्यात होतं माझ्या. त्याची शेपूट, त्याचा काटा, त्याची चाल. रात्रंदिवस तेच." त्यांनी एक रिंग उचलून परत ट्रेमध्ये टाकली. "इथंही तेच. दसऱ्यापासून सगळा माल असा काळा पडून येतोय. चांदीसारखा निघायला हवा."

बबनराव रिंगेकडं बघत राहिले. "चांदीसारखा कशानं निघतो?"

"भट्टीत नायट्रोजन सोडतो ना. नायट्रोजन भरला की आत हवा राहत नाही. हवा लागली की तापलेलं लोखंड काळवंडतं."

"म्हंजी भट्टीत नायट्रोजनच्या जागी हवा जातीय, असं?"

"तसंच दिसतंय. पण सिलिंडर तर..."

"साहेब, जर भट्टीत हवा आली, तर हवेच्या जागी काय गेलं?"

शरच्चंद्र उठून उभे राहिले.

"नायट्रोजन माणसानं घेतला तर काय हुतं?" बबनरावांनी हळू आवाजात विचारलं.

"काही होत नाही, जमादार." शरच्चंद्रांनी टेबल घट्ट धरलं. "तेच तर वाईट. गुदमरत नाही. वास नाही, ठसका नाही. छाती भरते, रिकामी होते. माणसाला कळतसुद्धा नाही. नुसती झोप येते."

दोघं मत्स्यालयात गेले. सुरेंद्रलाही बोलावून घेतलं. माचीवरचा सिलिंडर अजून तिथंच होता. राखी रंगाचा, नवाकोरा दिसणारा, खंडेनवमीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक अंगावर, गळ्यात सुकलेली झेंडूची माळ. शरच्चंद्रांनी भट्टीखात्यातूनही एक सिलिंडर आणवला. दोन्ही अगदी जुळे भाऊ.

बाजूच्या खोलीतून लोणच्याची रिकामी बरणी आली. शरच्चंद्रांनी भट्टीच्या सिलिंडरमधून ती भरली आणि पेटती मेणबत्ती तारेनं आत सोडली. ज्योत शांतपणे जळत राहिली.

"ही हवा," ते म्हणाले.

मग बरणी पुसून माचीवरच्या सिलिंडरमधून भरली. मेणबत्ती आत सोडली.

ज्योत फडफडली नाही. काठाखाली गेली आणि विझली. कुणी चिमटीत धरावी तशी.

शरच्चंद्रांनी पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा विझली.

"कोणता कुठला, हे तुमी वळखता कसं?" बबनरावांनी सुरेंद्रला विचारलं.

"दोन्ही राखीच असतात, आबा, आणि कंपनीच्या एकाच शेडमध्ये. आटे एक, चावी एक. फक्त नायट्रोजनच्या गळ्याला काळा पट्टा असतो. पट्टा नसेल ती हवा. मी गळा बघूनच उचलला. आईशपथ. पट्टा नव्हता."

बबनरावांनी खिशातला अडकित्ता काढला आणि सिलिंडरच्या गळ्यावर त्याच्या पात्यानं खरवडलं. राखी रंगाचा पापुद्रा सुटला. खाली काळा रंग होता.

"दसऱ्याला रंगवले कुणी हे?"

सुरेंद्रनं मान फिरवली. हौदाच्या पाण्याकडं बघत तो म्हणाला, "आबा, एवढं नका विचारू."

६

शेवटी सुरेंद्रनं नाव सांगितलं.

शरच्चंद्र म्हणाले, "मी 'सिलिंडरची अदलाबदल' एवढंच लिहून देतो. रंग कुणी दिला ते कशाला?"

"मग फौजदार इचारतील, अदलाबदल केली कुणी. उचलला कुणी." बबनरावांनी सुरेंद्रकडं पाहिलं. "एक निरपराध सुटंल आन् त्याच्या जागी दुसरा बसंल. ह्याची म्हातारी हाय घरी."

ते घरी आले आणि त्यांनी पद्मजाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"त्यांना सांगायलाच हवं का, आबा?"

"दत्तोबा उद्या कोर्टात उभा ऱ्हाणार हाय, पोरी."

"मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळू नये. चला. मी येते."

चिखलीच्या खोलीत मालोजी चटईवर बसला होता. दोघांना बघून तो लगबगीनं उठला. सुतकातल्या घरात येणाऱ्याला चहा विचारत नाहीत, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. "बस लेकी. चहा टाकतो," म्हणाला आणि स्टोव्हपाशी गेला. तिथं दोन पेले होते. त्यानं तिसरा शोधला, सापडला नाही, म्हणून तसाच परत येऊन बसला.

"दत्तोबाला कवा टांगत्यात, बबनराव?"

"मालोजीराव, एक इचारायचं हुतं. खंडेनवमीला कंपनीत पूजा झाली..."

"व्हय." मालोजीच्या चेहऱ्यावर त्या दुःखातही उजेड आला. "लई झकास झाली. ज्यानं त्यानं आपापलं मशिन सजिवलं. म्या मनात म्हनलं, माझ्या लेकराच्या हवेच्या सिलिंडराला कोन हाय? ते पाण्याखाली जातं त्याच्या जिवावर. म्हनून शेडवाल्याला म्हनलं, यंदा समदे म्या रंगिवतो. घासले, पुसले, दोन हात दिले. आरशावानी केले बगा. काही काहींच्या गळ्याला काळं होतं. म्या म्हनलं, घरात लगीन हाय, पूजेचा दिस हाय, काळं कशाला ठिवायचं? ते बी झाकलं. समदे एका रांगेत लावले, एकसारके..."

त्यानं पद्मजाकडं पाहिलं. मग बबनरावांकडं. मग परत पद्मजाकडं. ती रडत होती, आवाज न करता.

"का? त्या काळ्याचं काय होतं?"

बबनरावांनी नोकरीत पुष्कळ घरांच्या दारांत उभं राहून वाईट बातम्या सांगितल्या होत्या. शब्द ठरलेले असत. त्यातला एकही त्यांना आता आठवला नाही. त्यांनी मालोजीचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं. पट्टा कशासाठी असतो ते, मेणबत्ती कशी विझली ते. आणि नंदूला दुखलं नाही, हेही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मालोजी ओरडला नाही. ऊर बडवून घेतला नाही. म्हणाला, "मला कुनी सांगितलंच न्हाई, बबनराव. सा वर्सं रंग मारतोय. कुनी म्हनलं न्हाई, की ह्या काळ्याला हात लावू नगं."

"न्हाई सांगितलं."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं?"

पद्मजा सरकून त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठं त्याच्या छातीतून आवाज निघाला. गुरानं हंबरावं तसा. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत आत गेली.

मग तो उठला. तोंडावर पाणी मारलं. चपला न घालता बाहेर पडला.

"कुठं, मामंजी?" पद्मजानं विचारलं. लग्न झालं नव्हतं, तरी ती त्याला तसंच म्हणायची.

"त्यो मानूस बसलाय न्हवं तिथं. माझ्यापायी."

चौकीपुढं लोक होतेच. मालोजीला बघून त्यांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, "मालोजी, आज निकाल लावूनच जायचं." मालोजी त्याच्याकडं न बघता आत गेला आणि फौजदारांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, दत्तोबाला सोडा. पाकटानं न्हाई मारलं. त्यानं बी न्हाई. म्या मारलं माझ्या लेकराला."

फौजदार बबनरावांकडं बघायला लागले. बबनरावांनी क्रमाक्रमानं सगळं सांगितलं. कापलेला काटा, आकडीची जखम, काचेमागं मिटलेले डोळे, थांबेपर्यंत येत राहिलेले बुडबुडे, भट्टीतल्या काळ्या रिंगा, बरणीत विझलेली मेणबत्ती, अडकित्त्यानं खरवडलेला गळा. त्यांची जबानी देऊन झाली. मालोजी मान हलवत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत चालली होती.

"यात गुन्हा कसला लावू?" फौजदार शेवटी म्हणाले. "अजाणता झालं. जा, मालोजीराव. घरी जा."

मालोजी जाईना. त्याला घरी जायचं नव्हतं. शिक्षा नाही म्हटल्यावर त्याच्या हातातलं शेवटचंही काही गेलं, असं बबनरावांना वाटलं.

दत्तोबाला बाहेर आणलं. फाटक्या सदऱ्यात तो मालोजीसमोर उभा राहिला. मालोजीनं त्याच्या पायांवर हात ठेवायला कंबर वाकवली. दत्तोबानं त्याला अर्ध्यातच धरलं.

"तुज्या पोरान माज्या पाकटाला हातान भरवलान रे," तो म्हणाला. "त्याला म्हायती होता, मी काटा कापलाय. इस्वास होता त्याचा. तुज्यावर पन होता." आणि मग दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. कुणी कुणाला सावरलं ते कळलं नाही.

बबनराव बाहेर आले. इतकी वर्षं एखादा गुंता सुटला की छातीवरचा दगड उतरायचा. आज तो सरकला नव्हता. लोक एकेक करून उठून जात होते. पद्मजा चौकीच्या पायरीवर बसली होती. ते तिच्याशेजारी बसले.

पुढं मत्स्यालय बंद झालं. मासे अलिबागेला परत गेले. कंपनीत खंडेनवमीला सिलिंडरना फूल वाहतात, रंगाला हात लावत नाहीत. मालोजीनं पेंट शॉप सोडलं आणि कंपनीच्या बागेत काम धरलं. पद्मजाचं पुढं रावेतला लग्न झालं. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून दर रविवारी ती चिखलीला डबा घेऊन जायची. दत्तोबा गावी परतला नाही. चिखलीतच राहिला, मालोजीच्या शेजारच्या खोलीत. मालोजी गेला तेव्हा त्याला अग्नी सुरेंद्रनं दिला, आणि पुढं मडकं धरून दत्तोबा चालला.

नंदकिशोर मालोजी सोळंके, वय चोवीस, रविवार, १५ ऑक्टोबर १९७८ रोजी दुपारी वारला. मालोजी सोळंके १९८१ सालच्या श्रावणात वारला.